आप्पांचं सोलापूर

आप्पांना गाण्याचं वेड नव्हतं, बातम्यांचा कंटाळा होता आणि क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली की ते तोंड वाकडं करून बटण फिरवायचे. तरीही सांगलीच्या गावभागात त्यांच्याइतका रेडिओ ऐकणारा माणूस दुसरा नव्हता. रात्रीचे दोन-दोन वाजेपर्यंत ते त्या खोक्याला कान लावून बसत. सकाळी कुणी विचारलं, "काय आप्पा, काल काय ऐकलंत?" तर उत्तर यायचं, "इंदूर." इंदूरवर भाषण होतं की भजन, असं पुढं कुणी विचारलंच तर आप्पा त्याच्याकडं दयेनं बघायचे. इंदूरवर इंदूर होतं. आणखी काय असायला पाहिजे?

मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं पकडत बसणाऱ्यांना जगभर डीएक्सर म्हणतात. त्यांच्या संघटना असतात, मासिकं असतात. सांगलीत ही जमात एकट्या आप्पांपुरती होती, त्यामुळं अध्यक्ष, चिटणीस आणि विरोधी गट सगळं तेच.

नोकरी एसटीत. वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या काचेच्या केबिनमधून माइकवर गाड्या पुकारायच्या. बाकीचे कंट्रोलर एका दमात सगळं म्हणून मोकळे व्हायचे आणि कर्ण्यातून जे बाहेर पडायचं त्यातून इचलकरंजी की इस्लामपूर हे प्रवाशांनी आपापल्या पूर्वपुण्याईवर ओळखायचं. आप्पा गावाचं नाव तीनदा घ्यायचे, सावकाश, मध्ये श्वास सोडून. "माणूस बाकीचं काही ऐकत नसतो रे," ते म्हणायचे, "नाव कधी येतंय याची वाट बघत असतो." प्रवाशांचं माहीत नाही, पण आप्पांचं स्वतःचं आयुष्य या एका वाक्यावर चाललं होतं. तासाला, अर्ध्या तासाला निवेदक आपल्या केंद्राचं नाव घेतो, ती दोन-तीन सेकंदं म्हणजे कार्यक्रम. उरलेला वेळ म्हणजे अडथळा.

म्हणून बातम्यांवर राग. दिल्लीच्या बातम्या लागल्या की देशभरातली केंद्रं एकाच वेळी एकाच आवाजात बोलायला लागतात. मग अहमदाबाद कुठलं आणि जालंधर कुठलं, ओळखायचं कशावरून? कॉमेंट्रीचं तेच. सिनेमाचं गाणं तर सगळीकडंच वाजतं. आप्पांची आवड होती बाजारभाव, हवामान आणि शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, कारण त्यात गावांची नावं येतात. जितकी गावं जास्त तितका कार्यक्रम चांगला, इतकी सरळ त्यांची समीक्षा. अशा ऐकण्यातून त्यांच्या डोक्यात राजकोटकडचा शेंगदाणा, शिमोग्याकडची सुपारी असा माल साठला होता. काकू म्हणायच्या, "राजकोटचा भाव तोंडपाठ आहे. आपल्या डब्यातला शेंगदाणा कधी संपला, ते विचारा."

त्यांची खोली बघण्यासारखी होती. एक वडिलांच्या वेळचा लाकडी मर्फी, एक तीन बँडचा ट्रान्झिस्टर, आणि कोपऱ्यात माणसाच्या छातीइतक्या उंचीची एक लाकडी चौकट. चौकटीवर तांब्याची तार गुंडाळलेली आणि खाली जुन्या रेडिओतून काढलेला गँग कंडेन्सर जोडलेला. ही लूप एरिअल. काकूंनी तिच्यावर एकदा ओले पंचे वाळत घातले आणि त्या रात्री हैदराबाद आलं नाही, याचा उल्लेख पुढं कैक वर्षं भांडणात होत राहिला. (हैदराबाद ७३८ वर, २०० किलोवॅटचं. ते पंच्यांमुळं अडेल असं मला वाटत नाही. पण मी बोललो नाही.)

ट्रान्झिस्टर टेबलावर नसायचा. तो एका पाटावर आणि पाट बेअरिंगवर. का, तर आतली एरिअल म्हणजे फेराइटची एक कांडी, तिच्यावर बारीक तारेची गुंडाळी. कांडीची बाजू स्टेशनकडं असली की आवाज येतो, टोक स्टेशनकडं केलं की ते स्टेशन बुडतं. म्हणजे नको त्या स्टेशनकडं टोक रोखायचं आणि त्याच्या आड दबलेलं दुसरं बाहेर काढायचं. आप्पांचं नको असलेलं स्टेशन ठरलेलं होतं. सांगली.

सगळा जिल्हा सांगली आकाशवाणीवर जीव टाकायचा. १२५१ किलोहर्ट्झ, २० किलोवॅट. आप्पांना ते दारातच ठाण मांडून बसलेलं वाटायचं. जवळच्या दणकट स्टेशनची भुतं डायलवर भलत्याच जागी उठतात, साधा रेडिओ त्यापुढं गांगरतो. रात्री सांगलीची सभा संपायची, तेव्हा आप्पा सुटकेचा श्वास टाकून म्हणायचे, "झोपलं एकदाचं."

पाट फिरवून फिरवून त्यांना दिशा इतक्या पक्क्या झाल्या होत्या की त्यांच्या लेखी दिशांना दुसरी नावंच उरली नाहीत. सत्यनारायणाला गुरुजींनी विचारलं, "यजमान, पूर्व कुठली?" आप्पा म्हणाले, "विजयवाडा." गुरुजी थांबले. आप्पांनी हात करून दाखवलं, वर समजावलं, "हे समोर इंदूर, मागं धारवाड, पश्चिमेला रत्नागिरी. चौरंग जरा विजयवाड्याकडं घ्या." गुरुजींनी घेतला.

भिंतीवर घड्याळं दोन. एक आपलं, एक साडेपाच तास मागं, ग्रीनिचच्या वेळेचं, कारण परदेशी स्टेशनांना पत्र लिहिताना तीच वेळ द्यावी लागते. काकूंचा भाऊ एकदा मुक्कामाला होता. पहाटेच्या गाडीनं जायचं होतं. थंडीतल्या अंधारात त्याला जाग आली, त्यानं घड्याळ बघितलं, साडेबारा वाजले होते. बिचारा समाधानानं पांघरूण ओढून झोपला. नंतर त्यानं येणं कमी केलं. आप्पांना त्यात फार वाईट असं काही दिसलं नाही.

दिवसा एक आणि रात्री दुसरंच का ऐकू येतं, हे मला आप्पांनी समजावलं ते असं. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर एक थर असतो, त्याला डी म्हणतात. सूर्याच्या किरणांनी तो तयार होतो आणि मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. "डी म्हणजे जकात नाका," आप्पा म्हणाले. "दिवसभर चालू. वर जाणाऱ्या प्रत्येकाकडून इतकी वसुली की पलीकडं कुणी पोचतच नाही. सूर्य मावळला की नाकेदार घरी. मग लहरी सुसाट वरच्या थरापर्यंत जातात, तिथं आपटतात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर खाली उतरतात." मग दिवसा जे ऐकू येतं ते? ते जमिनीला धरून सरपटत येतं. खाऱ्या पाण्यावरून ते झकास सरकतं, म्हणून कोकण किनाऱ्यावर लांबची स्टेशनं दिवसाही बरी लागतात. आपल्या दख्खनच्या कोरड्या खडकावर त्याचा दम लवकर निघतो. आणि डायलवर आकडा जितका मोठा तितका दम लवकर निघतो. धारवाड ७६५ वर २०० किलोवॅटनं बोलायचं, ते सांगलीत भरदुपारी घरच्यासारखं यायचं.

त्यामुळं आप्पांच्या रात्री मजेत जायच्या. १५२१ वर आपलं औरंगाबाद होतं, एक किलोवॅटचं. त्याच १५२१ वर सौदी अरेबियात तांबड्या समुद्राकाठी दुबा नावाच्या गावचं केंद्र होतं, २००० किलोवॅटचं. सांगलीपासून औरंगाबाद साडेतीनशे किलोमीटर, दुबा चारेक हजार. रात्री लागायचं दुबा. तो अरबी स्वर मध्येच खाली बसायचा, त्याच्या फटीतून एखादा मराठी शब्द डोकं वर काढायचा आणि परत बुडायचा. त्या एका शब्दासाठी आप्पांनी कित्येक रात्री पाट फिरवला असेल. नागपूरचं १५६६ वरचं १००० किलोवॅटचं केंद्र मात्र त्यांना अजिबात पसंत नव्हतं. "ते लागत नाही," ते म्हणायचे, "ते येऊन आदळतं." सहज मिळालेल्या स्टेशनाची ते वहीत नोंदही करत नसत.

एकदा डिसेंबरात त्यांनी मला पहाटे बोलावलं. सहा वाजायला आले होते, बाहेर काळोख. देशभरातली केंद्रं त्या सुमाराला उघडतात आणि आधी आकाशवाणीची ती ओळखीची धून लावतात, मुंबई केंद्रावर काम केलेल्या वॉल्टर कॉफमनची म्हणून सांगतात ती. आप्पांनी काटा एका जागी आणला आणि बोट ओठावर ठेवलं. धून आली. तिच्या मागून किंचित उशिरा तीच धून परत आली, आणि दोन्हींच्या खाली आणखी एक, पार खोल, पुढं-मागं होत. तीन गावं आपापल्या घड्याळाप्रमाणं उठत होती. "कुठली कुठली?" मी विचारलं. "आत्ता कळेल," आप्पा म्हणाले, आणि तिन्ही निवेदकांनी एकदमच तोंड उघडल्यामुळं काहीच कळलं नाही. आप्पा खूश होते.

पण रात्रीचा शिकारी दिवसा पार हतबल व्हायचा, आणि त्याचं कारण सोलापूर. मुलगी दिलेली सोलापूरला. सोलापूर आकाशवाणी १६०२ वर, म्हणजे डायलच्या अगदी शेवटच्या टोकाला, एक किलोवॅट. सगळं उलटं पडलेलं. दीड-पावणेदोनशे किलोमीटरची कोरडी जमीन, सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात लहान ट्रान्समीटर. रात्री प्रयत्न करावा तर त्याच १६०२ वर इतर चिल्लीपिल्ली केंद्रं गर्दी करतात. म्हणजे सोलापूर घ्यायचं तर दिवसाच. मुलीच्या घरून चादरी आल्या, शेंगाचटणी आली, फक्त स्टेशन यायचं राहिलं होतं. तिचा फोन यायचा तेव्हा आप्पा आधी विचारायचे, "तुमचं स्टेशन चालू आहे ना?" व्याह्यांना त्यांनी पहिल्याच भेटीत हा प्रश्न केला होता. व्याही म्हणाले, "रेल्वे स्टेशन? हो, चालू आहे की."

दिवसाच्या ऐकण्याचे शत्रू वेगळे. त्यात पहिली म्हणजे वीज. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवा. गल्लीत वीज गेली की घराघरातून शिव्या निघायच्या, आणि एका खिडकीतून आनंदानं भरलेला आवाज यायचा, "गेली!" ट्यूबच्या पट्ट्या, पंख्यांचे रेग्युलेटर, टीव्ही, सगळ्यांची मिळून जी घरघर मीडियम वेव्हवर पसरलेली असते ती त्या क्षणी पुसली जायची आणि आप्पांपुढं अख्खा डायल स्वच्छ उघडा पडायचा. भारनियमनाचं वेळापत्रक त्यांनी रेडिओशेजारी चिकटवलं होतं. वीज ठरल्यापेक्षा लवकर आली तर आप्पा तक्रार करायला निघायचे. काकू त्यांना दारातून परत आणायच्या. मग लोकांनी इन्व्हर्टर घेतले, आणि आप्पांनी चारचौघांत बोलणं कमी केलं.

एके दुपारी १६०२ वर सलग भुणभुण येऊ लागली. आप्पा ट्रान्झिस्टर हातात घेऊन भुणभुणीचा माग काढत निघाले. भिंतीजवळ रेडिओ न्यायचा, आडवा करायचा, उभा करायचा, कान लावायचा, वहीत लिहायचं. गल्लीत बातमी झाली की चेकिंग आलंय. गल्लीच्या टोकाच्या घरापाशी आवाज सगळ्यात मोठा झाला. आप्पा तारेच्या खाली उभे राहिले, रेडिओ वर धरला आणि मान डोलावली. घरातून एक बाई बाहेर आली, तिनं आप्पांकडं बघितलं, रेडिओकडं बघितलं, आत जाऊन नवऱ्याला काहीतरी सांगितलं. पाच मिनिटांनी नवरा बांबू घेऊन आला आणि तारेवरचा आकडा शांतपणे काढून घेतला. भुणभुण थांबली.

"चहा घेता का साहेब?" तो म्हणाला.

"नको," आप्पा म्हणाले. "हे रोज दुपारी साडेबारा ते दीड काढून ठेवत चला."

माणूस गोंधळला. इतका समजूतदार साहेब त्यानं पाहिला नव्हता. पण पाळलं त्यानं.

१५ जानेवारी २०१० ला सूर्यग्रहण होतं. कन्याकुमारी, रामेश्वरला कंकणाकृती, आपल्याकडं खंडग्रास, भरदुपारी. संक्रांतीचा दुसरा दिवस. काकूंनी पाण्यावर तुळशीपत्र ठेवलं आणि जपाला बसल्या. आप्पांनी नवे सेल आणले होते. सूर्य झाकला गेला की नाका थोडा वेळ का होईना ढिला पडणार, वसुली कमी होणार, आणि दिवसा जे कधी ऐकू येत नाही ते ऐकू येणार. त्यांनी ५७६ वर केरळातलं आलप्पुळा लावून ठेवलं. आधी नुसती खरखर. एक वाजून गेल्यावर खरखरीच्या तळाशी कुणीतरी बोलायला लागलं. मल्याळम. आवाज चढत चालला. आप्पांनी डोळे मिटले, आता नाव येणार, आणि दाराशी आरोळी उठली, "दे दान, सुटे गिराण!"

आप्पा उठले. खिशात होतं नव्हतं ते मागणाऱ्याच्या झोळीत घातलं आणि म्हणाले, "हे घे, आणि गल्ली सोडून जा." तो गेला, दोन मिनिटांत चौघांना घेऊन आला. आप्पांनी त्यांनाही दिलं. धान्याच्या डब्यापर्यंत मजल गेली. काकूंनी जप थांबवून हे बघितलं आणि त्यांना गहिवरून आलं. इतक्या वर्षांनी माणूस देवाधर्माला लागला. आत येईपर्यंत ग्रहण उतरणीला लागलेलं आणि मल्याळम परत खरखरीत शिरलेलं. आप्पांनी वहीत लिहिलं: "आलप्पुळा असावं. नाव नाही. दानामुळं."

वही म्हणजे एसटीच्या रद्द लॉगशीटांच्या कोऱ्या पाठी शिवलेल्या. त्यात तारीख, वेळ, किलोहर्ट्झ आणि सिन्पोचे पाच आकडे: जोर, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, चढउतार, एकूण. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे काही खरं नाही. त्यावरून केंद्राला पत्र जायचं आणि केंद्राकडून पोच म्हणून क्यूएसएल कार्ड यायचं. पण आपण खरंच ऐकलं याचा पुरावा म्हणून कार्यक्रमाचा तपशील द्यावा लागतो, आणि आप्पांना मराठी-हिंदीपलीकडं भाषा येत नव्हती. इराणला पाठवलेल्या पत्राची नक्कल मी वाचली आहे. "९.३२, पुरुष बोलत आहे. ९.३५, तोच पुरुष बोलत आहे. ९.४१, बाई. ९.४२, पुन्हा तो पुरुष, आता रागावलेला." कार्ड आलं होतं.

नियम एकच आणि कडक. केंद्राचं नाव स्वतःच्या कानानं ऐकलं तरच नोंद पक्की.

सोलापूर शेवटी मिळालं ते दंडोबाच्या डोंगरावर. मिरजेच्या पुढं, पंढरपूर रस्त्याला. वर विजेचा त्रास नाही आणि सोलापूरच्या बाजूला उघडं. भरदुपारी, थंडीत, खडकावर ट्रान्झिस्टर ठेवून त्यांनी नाव ऐकलं. सिन्पो २-४-२-३-२. खाली उतरून त्यांनी त्याच दिवशी सोलापूर केंद्राला सविस्तर पत्र टाकलं. मी अभिनंदन केलं तर म्हणाले, "डोंगरावरचं वेगळं. घरातून घेतलं पाहिजे."

मग घरातून प्रयत्न सुरू झाले. आकडेवाला साडेबाराला आकडा काढायचा, काकू फ्रिज बंद करायच्या, आप्पा पाटापुढं बसायचे. असेच बसलेले असताना एके दुपारी १६०२ वर बाईचा आवाज आला. मराठी. आप्पांनी श्वास धरला. वाक्य कळत नव्हतं, शब्द बुडत होते, आणि एकदम स्वच्छ ऐकू आलं, "सांगली". थोड्या वेळानं परत, "सांगलीहून". आप्पांनी कपाळावर हात मारला. वहीत लिहिलं: "१२.५०, मराठी, स्त्री. 'सांगली' हे नाव दोनदा स्पष्ट. सबब सांगलीचंच भूत. नोंद रद्द." आणि रेडिओ बंद करून जेवायला बसले.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन. त्यांना आता रेडिओची थोडी सवय लागली होती. "आप्पासाहेब, अभिनंदन! आज दुपारी आमच्या स्टेशनवर तुमचं पत्र वाचलं. पुरं वाचलं, दंडोबाचा डोंगर, ते आकडे, सगळं!"

आप्पा गप्प. मग म्हणाले, "किती वाजता?"

"पाऊणच्या पुढं असेल. सुरुवातच केली बाईंनी, सांगलीहून आपले श्रोते..."

काकूंनी वही पुढं केली आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "घ्या आता पक्कं करून. सोलापूरच होतं ते." आप्पांनी मान हलवली. ऐकलेलं नाव सांगली. सोलापूर हा शब्द आपण ऐकलेला नाही. व्याह्यांनी ऐकलेलं धरत नसतात.

रात्री त्यांनी पोस्टकार्ड लिहायला घेतलं. केंद्रप्रमुखांना नम्र विनंती, की श्रोत्यांची पत्रं वाचताना पत्रलेखकाच्या गावाचं नाव घेऊ नये. लांबून ऐकणाऱ्यांचा घोटाळा होतो.